मासिक वार्ता

परेशभाई म्हणाले, पानभर लिही, गिऱ्हाइकांना पाठवू.
तर:
भरूचच्या औषधवाल्याने आपली नवी आवृत्ती घेतली.
रावपुऱ्याच्या ऑफिसात दुसरा एसी बसला.
पंक्तीने दशांशाची चूक पकडली,
अडीच वर्षं दर बिलामागे एक पैसा
ना दुकानाचा होत होता, ना गिऱ्हाइकाचा.

हे नको, म्हणाले.

मग टिपणीसांचंही नकोच.
नोकरी सोडून ते पुण्याला गेले नाहीत, कुठेच नाही,
नुसते घरी, दांडिया बाजारात,
आईला दोन वेळा भरवायला.
त्यांचा पासवर्ड अजून चालतो.
बंद करायचं कुणाच्या लक्षात नाही,
किंवा आहे.
कोडमध्ये त्यांनी मराठीत लिहून ठेवलंय:
इथे हात लावू नका, हे का चालतं मलाही ठाऊक नाही.

परवा रात्री साडेनऊला
सूरसागरावर दिवे, ऑफिसात मी एकटी,
लावला हात.
तरी चाललं.
खाली एक ओळ घातली: मलाही नाही. – शाल्मली

सकाळी पाहते तर तिसरी ओळ,
वेळ पहाटेचे चार दहा:
आई आत्ता झोपली. बरं वाटलं.

एसी मात्र खरंच छान गार आहे.