सोळा दिवस उशिरा

पहिल्याच दिवशी मिसेस लिंडक्विस्टनी वाटला
दोन पानी नियमांचा कागद :
पंधरवड्याला एक कादंबरी, समासात टिपणं,
उशीर झाला तर दिवसाला दहा गुण वजा.
खाली पालकांची सही.

कर्टिस टेटनं ती स्वतःच ठोकली.
बाप पंपाशी होता, नेब्रास्काभर मका तहानलेला.

नोव्हेंबरात त्यानं टेबलावर ठेवला निबंध,
बियाण्याच्या पावत्यांच्या पाठीवर, पेन्सिलीनं.
विषय : नदी आणि स्वातंत्र्य.
‘आमच्याकडची नदी
ऑगस्टात चालत ओलांडता येते.
पळून जायला ती पुरत नाही.’

बाईंनी हिशेब मांडला.
शंभरातून एकशे साठ गेले.

मग लाल पेनाला टोपण घातलं
आणि त्या ओळीशेजारी, समास नव्हताच तिथे,
पावतीवरच्या आकड्यांना खेटून
पेन्सिलीनंच लिहिलं :
पुढे?