दोन हात गारवा

शनिवारी सकाळी सातला ग्लिन प्रॉबर्ट
माझ्या हातात थर्मामीटर देतो.
तो निवृत्त पोस्टमन, मी अंड्यांच्या कंपनीत हिशेबनीस.
हेरफर्डच्या खाली, वाय नदीत,
मांड्यांपर्यंत रबरी बूट चढवून
आम्ही उभे असतो, काहीतरी पडल्यासारखे.

तेवीस पूर्णांक चार.
सकाळी सातला.
ग्लिन आकडा लिहितो, खाली रेघ मारतो,
रेघ जरा जास्तच जोरात.

मग तीन मिनिटं टाचेनं तळाची खडी ढवळायची,
खालच्या अंगाला जाळी धरायची,
पांढऱ्या ट्रेमध्ये ओतून मोजायचं.
वाळूचे कण चिकटवून घर बांधणारी अळी: दोन.
तीन शेपट्यांची, दगडाला बिलगणारी: नाही.
गोगलगायी, विचारू नका.
"त्यांना काहीही चालतं," ग्लिन म्हणतो,
"माझ्या मेव्हण्यासारखं."

जूनमध्ये इथे पांढरी फुलं यायची म्हणे,
पाण्यावर अंथरल्यासारखी, पैलतीरापर्यंत.
आता दगडांवर शेवाळ.
आईला फोटो पाठवला, तर म्हणाली,
"किती हिरवंगार गं!"
आमच्या भाषेत तो शब्द सुखाचा.
मी काही बोलले नाही.

हे हिरवं कुठून येतं ते मीच लिहिते,
सोमवार ते शुक्रवार:
शेड नऊ, सोळा हजार कोंबड्या,
खत इतके टन, आसपासच्या शेतांना.
ते 'गेलं' या रकान्यात जातं.
पाऊस पडल्यावर कुठे जातं
त्याला आमच्याकडे रकाना नाही.

ग्लिनला हे सांगितलेलं नाही.
त्याला माहीत असेलही.
तीस वर्षं त्यानं लोकांची पाकिटं
न उघडता वाचली आहेत.

जुलैत एकदा त्यानं हाक मारली,
हळूच, कुणी निजलं असावं तशी.
बिननावाचा एक ओहोळ नदीत उतरतो तिथे
सात सॅमन, एकमेकांना खेटून,
तोंडं त्या धारेकडे.
नुसती कल्ल्यांची उघडझाप.
धारेत पंधरा. एक पाऊल बाजूला, चोवीस.
दोन हात रुंद गारवा,
आणि अख्खा समुद्र ओलांडून आलेले हे
त्यात अंग चोरून.

"एवढं गार कसं?"
"जुना पाऊस," ग्लिन म्हणाला.
"खडकात उतरला, अंधारात राहिला,
आता येतोय बाहेर."

कुठेतरी पाणी मुरतंय,
असं आम्ही म्हणतो हिशेब जुळला नाही की,
डोळे बारीक करून.
इथे कुठेतरी मुरलं होतं
म्हणून हे सात.

मी पाय मागे घेतला.
माझ्या पोटरीची ऊबसुद्धा नको.

सोमवारी नवाच्या शेडचं पान उघडलं,
'गेलं'च्या पुढे पेन्सिलीनं
एक उभी रेघ ओढली, पुसता येईल इतकी फिकट.
रकाना झाला.
त्याच्या डोक्यावर काय लिहायचं
ते अजून ठरत नाही.