दोन किल्ल्या

वादी कबीरच्या तिसऱ्या गल्लीत, टायरवाल्याच्या मागे,
दुपारी अडीचला शटर अर्धं ओढून
मी तिच्या डॅशबोर्डखाली उताणा पडलोय.
सत्त्याण्णवचं मॉडेल. रंग एके काळी मोतिया.
किल्ली फिरवली की इंजिन दोन सेकंद धरतं
आणि सोडून देतं.
कोपऱ्यात लाल दिवा लुकलुकतो.
म्हणजे, हा माणूस चोर आहे.

माणूस म्हणजे हमूद मास्तर. भूगोल शिकवायचे. गुडघे गेलेत.
सत्तावीस वर्षं हीच किल्ली, हाच हात.
बाहेर प्लास्टिकच्या खुर्चीत बसून ते तिला झापतायत,
"निझव्याला नेलं, सूरला नेलं, मुलीच्या लग्नाला नेलं,
आणि आता मलाच विचारतेस, तू कोण?"

फ्यूज शाबूत. वायरी शाबूत.
गेलीय ती काळी डबी, काड्यापेटीएवढी.
तिचं काम एवढंच की
किल्लीच्या मुठीतल्या चिपला नाव विचारायचं
आणि पटलं तर पेट्रोल सोडायचं.

रुवीच्या शोरूममधल्या पोरानं नंबर टाइप केला
आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली.
पार्ट बंद. दोन हजार अकरापासून.
दुबईत नाही, जपानातही नाही.
नवी घ्या, असं तो म्हणाला नाही,
नुसतं कॅटलॉग पुढे सरकवलं.

मशीनचा मला राग येत नाही खरं तर.
गेल्या महिन्यात रेसिडेंट कार्डाच्या काउंटरवर
माझा अंगठा काचेला ओळखू येईना.
कणकवलीला रेडिओ, इथे गाड्या,
चाळीस वर्षं सोल्डरचे चटके खाऊन गुळगुळीत झालेला.
पुन्हा, म्हणालं मशीन. पुन्हा.
मागची रांग खाकरली.
शेवटी करंगळी चालली.

"कॉम्प्युटर उघडून चोरदिवा कायमचा झोपवतात काही जण," मी म्हटलं.
"सुहेल," मास्तर म्हणाले
(सुहास त्यांच्या तोंडात बसत नाही,
आणि सुहेल हा तारा आहे, तो उगवला की उन्हाळा उतरतो,
म्हणून मीही कधी दुरुस्त केलं नाही),
"स्वतःच्या घरात कुलूप फोडून शिरू?"

म्हणून शुक्रवारी बरक्याच्या वाटेवर, भंगारात.
एकावर एक तीन गाड्या, वरच्या गाडीच्या सीटवर बकरी.
तळाची आमच्यासारखीच. नाक चेपलेलं, पोट धड.
पण एकटी डबी नेऊन भागत नाही.
डबी, इंजिनाचा कॉम्प्युटर, किल्ली,
तिघांची आपसात सोयरीक.
एकाला उचललं तर बाकीचे दोघे मुके.

"किल्ली?" मी विचारलं.
रखवालदार शेरदिल बलुचीनं दूध पावडरचा डबा
माझ्यासमोर पालथा केला.
दोनशे तरी असतील.
कुणाला फुटबॉल, कुणाला आयत, कुणाला नुसतीच सुतळी.
एकेक घालून बघत बसलो.
असरची बांग झाली, बकरी उतरून गेली,
तेव्हा एक वळली.
निळ्या दोऱ्याला प्लास्टिकचा मासा,
शेपटीवर बारक्या दातांच्या खुणा.
कुणाची, ते शेरदिलला ठाऊक नव्हतं.
मीही चेपलेल्या नाकाकडे दुसऱ्यांदा पाहिलं नाही.
खोबणीसकट सगळं काढलं. अठरा रियाल.
मास्तरांना पंधरा सांगितले.

रविवारी रात्री लाल दिवा विझला.
मास्तरांनी बॉनेटवर तळवा ठेवला,
ताप उतरलाय का बघावा तसा.
आता दाराला त्यांची किल्ली, इंजिनाला परक्याची.
"मासा काढून देऊ?" मी पक्कड उचलली.
"राहू दे. ती आता त्यालाच ओळखते."

परवा टायरवाल्याकडे हवा भरायला आले होते.
कशी चाललीय, विचारलं.
चालतेय म्हणाले. फक्त सकाळी
हात आधी जुनीकडेच जातो.
आत जाते, फिरत नाही.
मग मासा.