पंख्याची खोली

दुमागेतेहून सकाळची जलद बोट नको,
दुपारची घ्या.
निम्म्या पैशात येते. पायाशी कोंबड्यांची टोपली असेल,
वाऱ्यावर सुक्या मासळीचा वास,
पण समुद्र तोच असतो,
तो काही तिकीट बघत नाही.

सिकिहोरच्या धक्क्यावर जो आधी बॅगेला हात घालेल
त्याला नको म्हणा.
रानबदामाच्या सावलीत एक जण दुचाकीवरच झोपलेला असतो.
हिलारियो. त्याला उठवा.
उठवल्याबद्दल कुरकुरेल, पण भाडं खरं सांगेल.
तो माझा धाकटा दीर आहे
हे मी तुम्हाला मागाहून सांगेन.

सप्टेंबरात या.
डिसेंबरात माझीसुद्धा जीभ महाग होते.
मला नाही आवडत ती जीभ,
पण छपराचे पत्रे तीच बदलून देते.

खोल्या दोनच. एकीत एसी, एकीत पंखा.
पंख्याची घ्या.
आमच्या बेटावर चेटूक चालतं असं ऐकलं असेल तुम्ही.
मी पाहिलेलं चेटूक एवढंच:
पाहुणे किनाऱ्यावर, खोलीला कुलूप,
आणि विजेच्या मीटरचं चाक
आपलं आपण गरागरा फिरतंय.

नारळ विकत घ्या. चढायला जाऊ नका.
चाळीस पेसो वाचवायला निघालेले एक गृहस्थ
हात गळ्यात बांधून परत गेले.

राड्का नावाची मुलगी आली होती, प्रागची.
तीन आठवडे राहिली.
निळ्या वहीत सगळं टिपायची:
केळी दोन, अंडं एक, साबणाची पुडी,
मंडईत घासाघीस करून सुटलेले सहा पेसोसुद्धा.
जाताना वही उशाखाली विसरली.
अक्षर मला लागेना, पण आकडे कुठलेही असोत, वाचता येतात,
आणि माझं नावही आलं वाचता.
क्रिसांता, मग एक शब्द, मग शून्य.
पुन्हा क्रिसांता, तोच शब्द, शून्य.
तो शब्द भात असणार.

दोन दिवस घास उतरला नाही माझ्या.
माझ्या चुलीवरचा भात, आणि शून्य?
तिसऱ्या दिवशी भांडी घासताना हात थांबला.
ज्याचे पैसे पडले नाहीत
तेही लिहून ठेवलं होतं पोरीनं.
सतरा वेळा.

गेल्या सप्टेंबरात कुणीच आलं नाही.
एका संध्याकाळी नेमेसियो अंघोळ करून, भांग पाडून
पुढच्या दाराशी उभा, हातात मासळीची पिशवी.
म्हणाला, बाई, खोली आहे का?
तेवीस वर्षांत आम्ही कुठंच गेलो नव्हतो.
मी म्हटलं, आहे, एसीची.
तो म्हणाला, परवडायचं नाही, पंख्याची दाखवा.
वर आणि शंभर पेसो कमी करा म्हणाला, मेला.
मी साठ केले.

स्वयंपाकघरापासून एकोणीस पावलं.
तेवढाच प्रवास.
धुतलेली चादर, कोपऱ्यात दुमडलेली,
मीच दुमडलेली, तरी कुणी दुसऱ्यानं केल्यासारखी.
सकाळी सातपर्यंत झोपलो.
कोंबडा ओरडला, तो शेजाऱ्यांचा म्हटलं.

निळ्या वहीत पुढच्या कोऱ्या पानावर मी लिहिलं:
बोट शून्य. खोली शून्य. भात कालचाच.
पंखा, रात्रभर, चार पेसो.

एक गोष्ट मात्र त्या रात्री कळली.
खिडकीतून समुद्र दिसतो
असं मी आल्यागेल्याला सांगत आले,
आणि दिसतोही, हातात झाडू घेऊन उभं राहिलं तर.
आडवं पडलं की दिसत नाही.
नुसतं आभाळ, आणि हिलारियोच्या तारेवरचे कपडे.

म्हणून त्या खोलीचे पन्नास पेसो कमी केलेत मी.
कुणाला सांगू नका.
नाहीतर सांगा.
सप्टेंबर रिकामाच असतो.