निधान

चप्पल दारात काढ. ये आत.
हीच ती. बारा फूट लांब.
वडगावच्या ह्या शेडात आधी चार माग होते,
त्यांचे बोल्ट अजून फरशीत आहेत, बघून चाल.
माग गेले ते भंगारात, किलोच्या भावानं.
ही गटानं घेतली, वापरलेली, इचलकरंजीहून,
हप्ता महिन्याच्या सात तारखेला.

सोबत पुस्तक आलं. छत्तीस पानं, सगळी इंग्रजी.
एकोणिसाव्या पानावर दोऱ्याच्या ताणाचं चित्र आहे,
मला कळतं ते तेवढंच.
त्याच्यावरचा हळदीचा डाग माझा.
बाकीचं पुस्तक म्हणजे लगमव्वा.

लगमव्वा बैलहोंगलकडची.
चाळीस वर्षं हातानं कौदी शिवत आली,
आपण वाकळ म्हणतो तीच.
तिला मराठी येतं बाजारापुरतं,
मला कन्नड बसच्या पाटीपुरतं.

पहिल्या दिवशी मुठी धरल्या मी सायकलच्या धरतात तशा,
आणि मशीनचं डोकं रुळावरनं जे सुटलं—
कापड जागेवर, सुई गावभर.
घरच्या मशीनवर आपण कापड सरकवतो,
इथं कापड निजलेलं असतं,
अस्तर, कापूस, वरचं ठिगळकाम, एकावर एक,
आणि चालायचं आपण.
मागून लगमव्वा म्हणत राहिली,
निधान, निधान.
मला वाटलं, कौतुक करतेय बाई.
माझ्या वेड्यावाकड्या शिवणीला
कीर्तनातला शब्द लावतेय, ठेवा म्हणतेय, धन म्हणतेय.
आठ दिवस फुगून हिंडले मी.
नवव्या दिवशी प्राजू म्हणाली, तिला शाळेत कन्नड आहे,
"आई, निधान म्हणजे सावकाश."

ही पाटी घे. प्राजूचीच, कोपरा फुटलेली.
मशीनला हात लावायच्या आधी पंधरा दिवस पाटी.
पेन्सिल उचलायची नाही.
गेलेल्या रेघेवरनं परत जायचं नाही.
मी आधी आपली अक्षरं काढून बघितली.
क काढला. दांडी आली, हात थांबला,
डोक्यावर रेघ द्यायला परत मागं.
सुई अशी मागं गेली की खाली दोरा गुंता करतो.
मग पाटी उलटली.
तिकडं प्राजूचा गृहपाठ होता,
गरगरीत, कढईत जिलेबी सोडावी तसा,
एका अक्षराचा वळसा पुढच्याच्या दारापर्यंत गेलेला.
ती गिरवत बसले.
वाचता येत नव्हती, म्हणून बरं, नुसती वळणं दिसायची.

मामंजी सीमेच्या आंदोलनात तुरुंगात जाऊन आलेले.
भावकाण्णा म्हटलं की गल्लीत अजून लोक उठून उभे राहतात.
एक दिवस पाटीपाशी थांबले.
"काय गिरवूलीस?"
"वेलबुट्टी," म्हटलं मी.
चष्मा लावला. बराच वेळ बघितलं.
"हे तिसरं," म्हणाले, "पोटात अजून जरा गोल पाहिजे,"
आणि चहा मागत पुढं गेले.

ही वही बघ. कागदाची नव्हे, मांजरपाटाची.
फसलेला प्रत्येक तुकडा टाचलाय, तारीख घालून.
हे जूनचं. वळणावर, मागच्या अंगाला,
बारीक दोऱ्याच्या पापण्या आल्यात, दिसल्या?
वळताना घाई केली की येतात.
वरनं छान दिसतं, म्हणून उलटं करून बघायचं. नेहमी.
हे ऑगस्टचं, सुई मोडली, टोक अजून आत आहे, हात लावू नको.
हे लगमव्वाचं.
होय, तिचंही फसलं. चाळीस वर्षांचा हात
रुळावर आला आणि थरथरला.
तिनंच टाचायला लावलं.

चल, मुठी धर. घट्ट नको.
कोंबडीचं पिल्लू धरतात तशा.
श्वास कोंडून धरलायस, तो सोड आधी.
लाइट अकराला जाते.