पंधराचा फ्यूज

नऊ दिवस माझ्या ओम्नीला आवाज नव्हता.
बटण दाबलं की नुसतं आत जायचं,
सादळलेल्या पापडासारखं.

कॉलेज रोडवर हॉर्नशिवाय व्हॅन चालवणं म्हणजे
लग्नाच्या पंगतीत हळू आवाजात मीठ मागणं.
कुणी बघत नाही.
ना दुधाच्या किटल्या लटकवलेला बुलेटवाला,
ना रस्त्यातच घोळका करून थांबलेली क्लासची पोरं.
डोंगरे मैदानापाशी आडवी बसलेली गाय तर
हॉर्न होता तेव्हाही बघत नव्हती.

पोरांनीच तोडगा काढला.
अकरा जण, काचा खाली,
एका दमात पीऽऽऽप!
पहिल्या दिवशी एक रिक्षावाला दचकून गटारीपर्यंत सरकला.
दुसऱ्या दिवशी त्यांनी पाळ्या लावल्या,
सोमवारी डावी खिडकी, मंगळवारी उजवी.
झैनब जाड आवाजाची, सई बारीक
(गाडीतसुद्धा असेच दोन लावतात,
एक जाड, एक बारीक, हे मला नंतर कळलं).

आणि मागे मिहीर लोणारी.
जूनपासून तीच जागा, दप्तर मांडीवर,
"उतर बाळा" म्हटलं की उतरणारा.
त्याची आई महिन्याचे पैसे देताना विचारते,
"तुमच्याशी तरी बोलतो का हो?"
त्या बुधवारी अशोकस्तंभाच्या वळणावर
सगळी पोरं दम घ्यायला एकदम थांबली
आणि त्या फटीत एकट्याचंच आलं:
पीप.
मी आरशात बघितलं नाही.
बघितलं असतं तर परत आत गेलं असतं.

शाळेची चिठ्ठी आली, हॉर्न ताबडतोब दुरुस्त करावा.
शनिवारी वडाळा नाक्याला गेले, मुनाफभाईंकडे.
मिहीर सोबत होता,
त्याच्या आईची सातपूरला डबल शिफ्ट.
मुनाफभाईंनी आधी फ्यूज काढला, निळा, पंधराचा,
उन्हासमोर धरला:
"हे बघा ताई, आतली तार अख्खी आहे. हा जिवंत."
मग टेस्टरचा दिवा लावला. करंट येत होता.
मग हॉर्नच्या अंगाला एक वायर टेकवून
दुसरं टोक बॅटरीच्या मायनसला,
आणि हॉर्न खाकरला, घसा बसलेल्या मास्तरासारखा.
"हॉर्न मेलेला नाही. अर्थ मिळत नाहीये त्याला."

मी बीए मराठी. मला हसू आलं,
त्यांना कळलं नाही कशाचं.

बोल्टाखालचा गंज त्यांनी पॉलिश पेपरनं घासला,
पत्रा चकाकेपर्यंत.
मग हॉर्नच्या पाठीवरचा बारका स्क्रू,
पाव आटा इकडे, दाबा.
थोडा मागे, दाबा.
मधेच सांगत होते, मला की मिहीरला कोण जाणे:
आत कॉइल असते, ती पडद्याला ओढते,
ओढला की जोड तुटतो,
तुटला की पडदा सुटतो, सुटला की पुन्हा जोड.
सेकंदाला शेकडो वेळा. बाकी काही नाही.
स्टुलावर बसून मिहीर
स्क्रूकडे बघत होता, आवाजाकडे नाही.

दीडशे रुपये झाले. हॉर्न असा वाजला
की समोरच्या टायरवाल्याच्या हातून चहा सांडला.

सोमवारी पोरं हिरमुसली,
मग गाण्याच्या भेंड्यांना लागली.
मागची सीट गप्प. मंगळवारी गप्प.
मीही हॉर्न जरा जास्तच वाजवला,
दीडशे रुपये वसूल करत.

गुरुवारी शेवटची दोघी उतरल्यावर
सोमेश्वरकडच्या रिकाम्या गल्लीत मी गाडी उभी केली,
झाकण उघडलं,
आणि निळा फ्यूज उपटून हातात घेतला.
"परत बंद पडला रे," म्हटलं, आरशाकडे न बघता.
"आता काय करायचं?"

दप्तर सीटवर ठेवल्याचा आवाज.
मग दोन सीटांच्या मधून एक हात आला,
फ्यूज माझ्या तळव्यावरून उचलला,
काचेतल्या उन्हासमोर धरला, बराच वेळ.
"काकू, याची तार तुटलेली नाहीये."

असं? मी म्हटलं.
बघू.