तिसऱ्या मोरीतली खपली

पांझरेच्या बंधाऱ्यावर, तिसऱ्या मोरीच्या पोटात
राखाडी-हिरवट खपली.
भिला पाटकरी म्हणाला, "हाई? हाई खाज शे.
हात नको लाऊ, ताई."

मी लावला. मग कोपरापर्यंत तीन दिवस
त्याचंच खरं.

वहीत घाईनं लिहिलं : यूनॅपियस.
पेन्सिलनं लिहिलं, तेवढं बरं झालं.

धुळ्यात, कॉलेजच्या मागच्या खोलीत,
खपलीतले मोहरीहून बारीक दाणे
नायट्रिक ॲसिडमध्ये उकळले.
जीव गेला, वास राहिला,
आणि नळीच्या बुडाशी चिमूटभर पांढरं.
चारदा धुतलं, काचपट्टीवर वाळवलं,
चाळीसच्या भिंगाखाली सरकवलं.

आधी नुसत्या सुया.
सुया काय, सगळ्यांच्याच असतात.
स्क्रू केसभर फिरवला
तर त्या गर्दीत एक आखूड आस,
दोन्ही टोकांना दातेरी चाकं.
मग दुसरी. मग गाड्याच गाड्या,
बैल सोडून दिलेल्या.

इफिडेशिया. खोडरबर सापडेना,
बोटानंच पुसलं.

चैत्रात, नदी आटल्यावर, भिलाला फोन केला.
म्हटलं, तिला चाकं आहेत, काचेची.
तो बराच वेळ गप्प.
मागं कुणीतरी रिकाम्या पाटात फावडं ओढत होतं.

"तरीच," तो म्हणाला,
"दरसाल मोरी बदलस."